मळमळीची गोळी आणि मंदावलेले हात: एक प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत. औषधं, त्यांचा क्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. हे प्रकरण एका वृद्ध स्त्रीच्या हालचाली मंदावण्याचं आहे. पण मुळात ते मेंदूतल्या पेशींचं आहे. एकच रसायन एका जातीच्या पेशीला जागं करतं आणि शेजारच्याच दुसऱ्या जातीच्या पेशीला गप्प करतं. हे लक्षात घेतलं नाही तर या प्रकरणातली एकही गोष्ट नीट उलगडत नाही.

पार्श्वभूमी

रुग्ण ६७ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. मधुमेह वीस-एक वर्षांचा. गेल्या वर्षभरात दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं, मळमळायचं, कधी उलटी व्हायची. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा दुबळ्या होतात आणि अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, तसाच हा प्रकार. त्यांना मेटोक्लोप्रमाइड १० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन आठवड्यांसाठी लिहून दिलं गेलं. आराम पडला. दोन आठवडे संपले, पण गोळी संपली नाही. जुनी स्ट्रिप दाखवून नवी येत राहिली.

मेटोक्लोप्रमाइड दोन ठिकाणी काम करतं. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवर सेरोटोनिन या रसायनाच्या एका रिसेप्टरला (पेशीवरच्या, संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चालना देऊन ते जठराची हालचाल वाढवतं आणि मेंदूत डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा डी२ रिसेप्टर अडवून उलटीची भावना दाबतं. पहिला परिणाम हवा होता, दुसराही हवा होता. मात्र डी२ रिसेप्टर फक्त उलटीच्या केंद्रात नसतो.

आणखी एक गोष्ट आधीच्या कागदांत होती, पण कोणी जोडून पाहिली नव्हती: मूत्रपिंडाची क्षमता कमी झालेली होती, ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज) ४२. मेटोक्लोप्रमाइड बऱ्याच अंशी मूत्रावाटे बाहेर पडतं. ही क्षमता ६० च्या खाली गेली की डोस निम्मा करायला सांगितलं जातं. म्हणजे बाईंच्या शरीरात नेहमीच्या डोसलाच औषध जास्त साठत होतं.

अडचण

चौथ्या महिन्याच्या आसपास घरच्यांना फरक जाणवू लागला. अक्षर बारीक झालं. चालताना हात हलेनासे झाले. चेहऱ्यावरचे भाव कमी झाले, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं की मन खचलंय. संध्याकाळी त्यांना एका जागी बसवत नसे. पाय सतत हलायचे. त्याला "जिवाची घालमेल" म्हणून सोडून दिलं गेलं.

सहाव्या महिन्यात फिजिशियनने तपासलं. दोन्ही मनगटांत ताठरपणा, हालचाली मंद, पावलं आखूड. निदान पार्किन्सन, म्हणजे कंपवात. लेव्होडोपा-कार्बिडोपा सुरू झालं. हे निदान चुकीच्या पायावर होतं असं म्हणता येणार नाही. लक्षणं कंपवाताचीच होती, वयही तेच.

पण लेव्होडोपाने हातपाय मोकळे झाले नाहीत. मळमळ मात्र वाढली. लेव्होडोपाचं डोपामिन होतं आणि ते उलटीच्या केंद्रालाही डिवचतं, म्हणून सुरुवातीला मळमळ होणं अपेक्षितच असतं. त्यावर उपाय म्हणून मेटोक्लोप्रमाइडची गोळी तीनवरून चार वेळा झाली. पुढच्या काही आठवड्यांत बाईंना खुर्चीतून उठायला हात द्यावा लागू लागला.

औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, आणि दुसऱ्याच्या दुष्परिणामावर पुन्हा पहिलंच. हे चक्र बाहेरून पाहणाऱ्याला लगेच दिसतं. आतल्याला दिसत नाही, कारण प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर रास्तच असते.

नवव्या महिन्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जाणं झालं. औषधांची यादी विचारल्यावर मुलीने मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि कंपवाताच्या गोळ्या सांगितल्या. "आणखी काही?" "नाही डॉक्टर, एवढंच. ती मळमळीची गोळी असते, पण ते काही औषध नाही म्हणा." पिशवीतून ती स्ट्रिप निघाली आणि प्रकरणाची दिशा बदलली.

पेशींच्या पातळीवर काय चाललं होतं

मेंदूच्या खोल भागात स्ट्रायटम नावाचा भाग आहे. हालचाल सुरू करायची की थांबवायची, या निवडीत त्याचा मोठा वाटा असतो. तिथल्या बहुतांश चेतापेशी दिसायला एकसारख्या: मध्यम आकाराच्या, काटेरी फांद्यांच्या, गाबा हेच, पुढच्या पेशीला दाबणारं रसायन सोडणाऱ्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. तरी त्या साधारण निम्म्या-निम्म्या दोन जातींच्या असतात. एका जातीच्या पेशींवर मुख्यतः डी१ रिसेप्टर असतात, दुसरीवर डी२. डोपामिनच्या रिसेप्टरांची ही डी१-डी२ विभागणी १९७९ मध्ये केबाबियन आणि काल्न या संशोधकांनी मांडली.

दोन्ही जातींना डोपामिन मिळतं ते त्याच चेतातंतूंकडून. फरक पडतो तो पेशीच्या आत. डी१ रिसेप्टर अशा जी-प्रथिनाला (रिसेप्टरचा संदेश पेशीच्या आत नेणाऱ्या प्रथिनाला) जोडलेला आहे जे सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतं. सायक्लिक एएमपी वाढलं की पीकेए हे एन्झाइम कामाला लागतं, आणि ते डार्प-३२ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवून एका फॉस्फेटेजला, म्हणजे फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमला, रोखतं. एकूण परिणाम असा की पेशी इतर संदेशांना जास्त जोरात उत्तर देते. डी२ रिसेप्टर ज्या जी-प्रथिनाला जोडलेला आहे ते नेमकं उलट करतं: सायक्लिक एएमपी घटतं, पीकेए शांत होतं, पेशी दबते. शाळेची घंटा एकच असते, पण ती ऐकून एका वर्गातली मुलं मैदानाकडे धावतात आणि दुसऱ्या वर्गातली जागेवर बसतात. डार्प-३२ च्या या साखळीवर पॉल ग्रीनगार्ड यांनी आयुष्य घालवलं. २००० सालचं नोबेल त्यांना आर्विद कार्लसन आणि एरिक कँडेल यांच्यासोबत मिळालं.

आता या दोन जातींची कामं पाहू. डी१ वाल्या पेशी हालचालीला वाट मोकळी करतात. डी२ वाल्या पेशी वळणाच्या मार्गाने हालचालीवर ब्रेक लावतात. निरोगी मेंदूत डोपामिन पहिल्यांना उठवतं आणि दुसऱ्यांना दाबतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी हालचाल सोपी होते. हे चित्र सोपं करून सांगितलेलं आहे, हेही नोंदवायला हवं: २०१३ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं की हालचाल सुरू होताना दोन्ही जातींच्या पेशी एकाच वेळी सक्रिय होतात. म्हणजे ब्रेक आणि वेग असा सरळ भेद नाही. नको त्या हालचाली दाबणं हाही हवी ती हालचाल करण्याचाच भाग आहे. पण या प्रकरणापुरतं जुनं चित्र पुरेसं आहे.

मेटोक्लोप्रमाइडने डी२ अडवला. ब्रेक लावणाऱ्या पेशींवरचा डोपामिनचा लगाम गेला. या पेशींवर आणखी एक रिसेप्टर असतो, अडेनोसिन या रसायनाचा ए२ए, जो डी१ सारखाच सायक्लिक एएमपी वाढवतो. तो डी१ वाल्या पेशींवर जवळपास नसतोच. डी२ चा विरोध संपल्यावर ए२ए चा रेटा मोकाट सुटला, सायक्लिक एएमपी चढलं, ब्रेक करकचून लागला. याच ए२ए ला अडवणारं इस्ट्राडेफिलिन नावाचं औषध कंपवातात जोडीला दिलं जातं. जपानमध्ये २०१३ पासून, अमेरिकेत २०१९ पासून. एकाच जातीच्या पेशीला नेमकं गाठायचं, हा त्यामागचा विचार.

लेव्होडोपाचा उपयोग का झाला नाही, याचंही उत्तर इथेच आहे. खऱ्या कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, म्हणून कच्चा माल पुरवला की फरक पडतो. बाईंच्या मेंदूत डोपामिनची टंचाई नव्हती. उलट डोपामिन बनवणाऱ्या पेशींवरही डी२ रिसेप्टर असतात. तिथे ते पोटॅशियमच्या वाहिन्या उघडून "आता पुरे" असं पेशीला सांगतात. ते अडवले गेले की या पेशी जास्तच डोपामिन सोडतात. रसायन होतं, भरपूर होतं. ऐकणारा कान बंद होता. लेव्होडोपाने त्यात भर घातली आणि ती भर पोचली मुख्यतः डी१ वाल्या पेशींपर्यंत.

स्ट्रायटममधली तिसरी जात संख्येने अगदी थोडी, पण आवाज मोठा: असिटिलकोलिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी. त्यांच्यावरही डी२ असतो आणि डोपामिन त्यांना आवरून धरतं. डी२ अडला की असिटिलकोलिन वाढतं, आणि त्याचाही दोन जातींवर परिणाम वेगळा. डी१ वाल्या पेशींवर असिटिलकोलिनचा एम४ रिसेप्टर असतो, तो सायक्लिक एएमपी खाली खेचतो. म्हणजे एकीकडे ब्रेक लागलेला आणि दुसरीकडे वेगही कमी केलेला.

पर्याय

न्यूरॉलॉजिस्टपुढे पाच वाटा होत्या. त्यातल्या दोन त्यांनी लगेच बाजूला ठेवल्या.

लेव्होडोपाचा डोस वाढवणं ही पहिली. जास्त डोपामिन ओतून डी२ वरून मेटोक्लोप्रमाइडला हटवता येईल, असा तर्क करता येतो. पण त्याची किंमत मळमळ, रक्तदाब घसरणं आणि भास होण्याचा धोका. शिवाय अडथळा कायम ठेवून त्यावर मात करायची, यात काही शहाणपण नाही.

अमॅन्टाडिन, हे कंपवाताचंच आणखी एक औषध, ही दुसरी. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ईजीएफआर ४२ असताना ते साठून गोंधळलेपणा येण्याची शक्यता होती.

ट्रायहेक्सिफेनिडिलचा, म्हणजे असिटिलकोलिन अडवणाऱ्या औषधाचा, विचार मात्र गंभीरपणे झाला. असिटिलकोलिनची वाढलेली बाजू कमी करणं हे औषधजन्य ताठरपणात बऱ्याचदा लागू पडतं, तरुण रुग्णांत तर विशेष. पण असिटिलकोलिन स्मरणाच्या पेशींना लागतं, मूत्राशयाला लागतं आणि जठराला लागतं. ६७ व्या वर्षी विसराळूपणा, लघवी अडणं, बद्धकोष्ठता. आणि ज्या मंद जठरासाठी हे सगळं सुरू झालं, ते आणखी मंद. एका पेशीसाठी दिलेलं औषध बाकीच्या पेशींना विचारून काम करत नाही.

चौथी वाट डॅट स्कॅनची. यात डोपामिनच्या चेतातंतूंच्या टोकांवर असलेले वाहक दिसतात. कंपवातात ते कमी झालेले असतात, निव्वळ औषधजन्य त्रासात टिकून असतात. चांगली तपासणी, पण महाग आणि सगळीकडे उपलब्ध नसलेली. मुख्य प्रश्न हा होता की निकाल काहीही आला तरी पहिलं पाऊल बदलणार होतं का? नाही. मेटोक्लोप्रमाइड दोन्ही परिस्थितींत बंदच करायचं होतं.

उरली पाचवी: गोळी थांबवून वाट पाहणं. स्वस्त आणि सर्वांत अवघड. सुधारणा काही आठवड्यांत दिसू शकते, कधी सहा महिने आणि त्याहून जास्तही लागतात. तोवर घरच्यांचा धीर टिकवायचा. काही रुग्णांत लक्षणं जातच नाहीत, कारण आत कंपवात आधीच सुरू झालेला असतो आणि औषधाने तो फक्त उघडा पाडलेला असतो.

वाट ठरवण्याआधी दोन साध्या गोष्टी पाहिल्या गेल्या. एक, वास. कंपवातात घ्राणशक्ती बऱ्याचदा आधीच मंदावते. बाईंना वास नीट ओळखता येत होते. दुसरी, रक्तातलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक. ते वाढलेलं निघालं. पिट्युटरी ग्रंथीतल्या प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींवर डी२ असतो आणि डोपामिन त्यांना सतत गप्प ठेवतं. डी२ अडला की त्या मोकळ्या सुटतात. या चाचणीने कंपवात नाही हे सिद्ध होत नाही. पण त्या क्षणी शरीरात डी२ खरोखर अडलेला आहे, याचा हा दुसऱ्याच पेशीकडून मिळालेला पुरावा होता. मला ही तपासणी फार आवडली.

काय केलं

मेटोक्लोप्रमाइड आठवड्याभरात टप्प्याटप्प्याने बंद केलं. लेव्होडोपा तूर्त तसंच ठेवलं. एका वेळी एकच बदल, म्हणजे काय कशामुळे झालं ते कळतं, हा त्यामागचा विचार. माझं मत थोडं वेगळं आहे. मळमळ वाढवणारं औषध लेव्होडोपा होतं आणि त्याने फायदा काहीच दिला नव्हता. ते सोबतच निम्म्यावर आणलं असतं तर मळमळीच्या गोळीशिवायचे पहिले दिवस सोपे गेले असते. पण नऊ महिन्यांत तीनदा औषधं बदललेल्या कुटुंबाला एका वेळी एकच सूचना देण्यातही अर्थ आहे, हे मान्य करायला हवं.

मळमळीसाठी थोडं थोडं, कमी स्निग्ध खाणं आणि ईसीजी पाहून आठवड्यापुरतं डोम्पेरिडोन. डोम्पेरिडोनही डी२ च अडवतं. मग ते का चाललं? कारण ते रक्त-मेंदू अडसर, म्हणजे रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी भिंत, फारसं ओलांडत नाही. उलटीचं केंद्र त्या अडसराच्या बाहेर आहे, स्ट्रायटम आत. रिसेप्टर तोच, पण औषध कुठल्या पेशीपर्यंत पोचतं ते वेगळं. ईसीजी यासाठी की हे औषध हृदयाच्या ठोक्यातलं क्यूटी अंतर लांबवून ठोक्याची लय बिघडवू शकतं. युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये त्याचा वापर साधारण आठवड्यापुरता मर्यादित ठेवायला सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात एक अवघड वळण आलं. ताठरपणा कमी होऊ लागला होता, पण बाईंचे ओठ आपोआप हलू लागले, चघळल्यासारखे. घरचे घाबरले. कोणीतरी सुचवलं की गोळी बंद केल्यामुळे हे झालं, तर ती पुन्हा द्यावी.

दिली असती तर ओठ थांबलेही असते. महिनोन्महिने अडवून ठेवलेल्या पेशी आपली डी२ ची संवेदनशीलता वाढवतात. अडथळा दूर झाल्यावर साध्या डोपामिनलाही त्या अति उत्तर देतात. पुन्हा डी२ अडवला की हालचाली झाकल्या जातात आणि मूळ बिघाड आत वाढत राहतो. म्हणून ते केलं नाही. टेट्राबेनझिनचा विचार झाला आणि सोडला; ते चेतातंतूंतला डोपामिनचा साठाच कमी करतं, म्हणजे नुकताच सुटत चाललेला ताठरपणा परत. घरच्यांना कारण समजावलं, ओठांचा छोटा व्हिडिओ दर आठवड्याला काढून ठेवायला सांगितला आणि वाट पाहिली. इथे वाट पाहणं हाच एक निर्णय होता.

परिणाम

ओठांची हालचाल दोनेक महिन्यांत थांबली. हे नशीबच, काहींत ती कायमची राहते. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, २००९ मध्ये मेटोक्लोप्रमाइडवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला तो याच कारणाने: १२ आठवड्यांहून जास्त काळ वापर टाळावा.

तिसऱ्या महिन्यात चालताना हात हलू लागले. पायांची घालमेल त्याआधीच गेली होती, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की तीही त्याच गोळीची होती. अक्षर परत मोठं झालं. लेव्होडोपा हळूहळू कमी करत चौथ्या महिन्यात बंद केलं. काही बिघडलं नाही. प्रोलॅक्टिन पूर्ववत झालं.

सहाव्या महिन्यात एक गोष्ट शिल्लक होती: चालताना डावा हात उजव्यापेक्षा कमी हलायचा. इथे स्कॅनचा प्रश्न पुन्हा आला, या वेळी जास्त वजनाने. औषधजन्य त्रास जायला आणखी वेळ लागतोय, की डावीकडे खऱ्या कंपवाताची सुरुवात आहे? बाईंना त्या हाताचा रोजच्या कामात त्रास नव्हता. कंपवात निघाला असता तरी लगेच औषध सुरू करण्याचं कारण नव्हतं. त्यांनी स्वतःच सांगितलं, नको. दर सहा महिन्यांनी तपासणी, हात जड वाटला तर आधी, असं ठरलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला मुद्दा औषधाच्या मुदतीचा. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्येच मेटोक्लोप्रमाइड जास्तीत जास्त पाच दिवस द्यावं असं सांगितलं आणि जठराच्या जुन्या मंदपणासाठी ते वापरू नये असंही. इतरत्र ते काही आठवडे दिलं जातं. मुदत कोणतीही असो, ती संपल्यावर गोळी कोण थांबवणार हे ठरलेलं नव्हतं. चिठ्ठीवर "यानंतर बंद" एवढे दोन शब्द असते तर पुढचं बरंच टळलं असतं. ईजीएफआरप्रमाणे डोस निम्मा केला असता तरी त्रास उशिरा आणि कमी झाला असता.

दुसरा, कंपवाताचं निदान करताना विचारायच्या प्रश्नाचा. "कुठली औषधं घेता?" या प्रश्नात लोक पित्ताची, चक्करीची, मळमळीची गोळी मोजत नाहीत. "घरातल्या सगळ्या स्ट्रिप घेऊन या" असं सांगितलं तर त्या येतात. दोन्ही बाजूंना सारखा ताठरपणा हा औषधजन्य त्रासाचा इशारा मानला जातो, पण तो भरवशाचा नाही. एका बाजूला जास्त त्रास असणारे औषधजन्य रुग्णही पुष्कळ असतात. स्ट्रिपची पिशवी जास्त भरवशाची.

तिसरा, लेव्होडोपाने मळमळ वाढली त्या क्षणाचा. तिथे मेटोक्लोप्रमाइड वाढवणं हा या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय ठरला. ज्याला कंपवात आहे असं आपण मानतो, त्याला डी२ अडवून मेंदूत पोचणारं औषध द्यायचं नसतं. निदान बरोबर असतं तरी तो उपाय चुकीचाच होता.

बाईंच्या पाकिटात आता एक कार्ड असतं. टाळायची औषधं: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, हॅलोपेरिडॉल. पुढच्या वर्षी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना उलट्या झाल्या, तेव्हा मुलीने ते कार्ड परिचारिकेपुढे धरलं. ईसीजी पाहून ऑनडान्सेट्रॉन दिलं गेलं. ते सेरोटोनिनचा ५-एचटी३ रिसेप्टर अडवतं. हा जी-प्रथिनाचा नव्हे तर थेट आयनांची वाट उघडणारा रिसेप्टर, आणि स्ट्रायटमच्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही. थोडी बद्धकोष्ठता झाली. चालण्यात फरक पडला नाही.